रांगेतलं दुसरं नाव

देव नाही, ही गोष्ट मी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी निर्णायकपणे सिद्ध केली. सिद्धता सव्वा पानाची होती, तिच्यात सात पायऱ्या होत्या आणि एकाही पायरीवर पाय घसरत नव्हता. दुसऱ्या दिवशी वसतिगृहातला माझा सोबती सुट्टीवर घरी निघाला, तेव्हा त्याने त्याच कागदात आपले बूट गुंडाळून नेले. तेव्हापासून आजवर, म्हणजे एकतीस वर्षं, त्या सिद्धतेला कोणी आव्हान दिलेलं नाही. मीही ती पुन्हा मांडायच्या भानगडीत पडलो नाही. एकदा सिद्ध झालेली गोष्ट उठून पुन्हा तपासणं हे संशयी माणसाचं लक्षण आहे. मी पाणीपुरवठा खात्यात नकाशे सांभाळतो. जमिनीखालून कुठला नळ कुठे गेला आहे ते कागदावर असतं आणि तो कागद माझ्या कपाटात असतो. नळ नकाशात असतात तिथे जमिनीत नसतात, जमिनीत असतात तिथे नकाशात नसतात, आणि तरीही शहराला रोज सकाळी पाणी मिळतं. हे कसं काय, असं नव्या माणसाने विचारलं की आमच्याकडचे जुने लोक वर बघतात. वर, दुसऱ्या मजल्यावर, साहेब बसतात.

मंगळवारी या साहेबांबरोबर मला इस्पितळात जावं लागलं. तिसऱ्या मजल्यावर, मुलांच्या वॉर्डात, दोन दिवस पाणी चढत नव्हतं, आणि तक्रार इतक्या वरून आली होती की साहेबांनी स्वतः जाऊन काळजीपूर्वक उभं राहणं गरजेचं झालं. मी नकाशाची गुंडाळी घेऊन मागे. आठ वर्षांनी मी त्या बोळात पाऊल टाकलं. भिंतीचा रंग बदलला होता, वास तोच होता: फिनेल, उकळलेलं दूध, आणि खूप वेळ बसून राहिलेल्या माणसांच्या कपड्यांचा वास. पूर्वी तिथे बसायला काही नव्हतं; आम्ही जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसायचो. आता बाक होता. साहेबांच्या छातीचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना जिने चढले की धाप लागते, म्हणून ते बसले, रुमाल काढला, मान पुसली, आणि मान पुसता पुसता बाकाच्या पाठीकडे वळले.

"हे बघा," साहेब म्हणाले.

पितळेची हातभर पाटी होती. अक्षरं हाताने कोरलेली, आत काळा रंग भरलेला. 'कृतज्ञतापूर्वक,' असं वर होतं. खाली 'चि.' आणि साहेबांचं नाव, आडनावासकट. त्याखाली, 'याचे प्राण वाचले म्हणून.' आणि सगळ्यात शेवटी, लहान अक्षरांत, 'एका बापाकडून.'

"हे माझं नाव आहे," साहेब म्हणाले.

"नावासारखं नाव असतं, साहेब."

"माझ्या नावासारखं नाव नसतं."

ते खरंच होतं. साहेबांच्या आजोबांनी ते शब्दकोश चाळून काढलं होतं. सहा अक्षरं, त्यात दोन जोडाक्षरं. आमच्या शिपायाला ते आजतागायत उच्चारता आलेलं नाही, आणि आडनाव असं की टेलिफोनच्या जुन्या यादीत ते एकटंच बसलेलं असायचं, मागेपुढे नात्याचं कोणी नाही. साहेबांनी पाटीवरून बोट फिरवलं. मग रुमालाने ती पुसली. तोच रुमाल, मानेचा. "माझं ऑपरेशन याच इमारतीत झालं," ते म्हणाले. "एक मजला खाली. आणि चिरंजीव लिहिलंय. म्हणजे कोणीतरी वडीलधारं." त्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली. "बापाकडून लिहिलंय." साहेब चार वर्षांचे असताना त्यांचे वडील चपलेला टाके घालून आणतो म्हणून बाहेर पडले ते परत आले नाहीत. 'टाके पक्के घालतायत,' असं साहेब स्वतःच एखाद्या सेंडऑफला म्हणतात आणि आम्ही हुद्द्याच्या क्रमाने हसतो. त्या दिवशी ते असं काही म्हणाले नाहीत. तोंड थोडं उघडं ठेवून बसले होते. चोपन्न वर्षांचा, दोन बढत्या घेतलेला माणूस चार वर्षांचा दिसायला लागला तर हाताखालच्या माणसाने कुठे बघावं याचा नियम आमच्या सेवापुस्तिकेत नाही. मी नकाशा उघडला. "शोधून काढा हे कोण आहे ते," साहेब म्हणाले. "कोपऱ्यात दुकानाचं नाव कोरलंय बघा. उद्याच जा. कामाच्या वेळेत गेलात तरी चालेल."

मला शोधायची गरज नव्हती. कुठल्या बापाने ती पाटी लावली हे मला माहीत होतं, आणि साहेबांचं नाव त्याच्याकडे कसं पोचलं हेही. ते मीच पोचवलं होतं.

आठ वर्षांपूर्वी माझा मुलगा नऊ वर्षांचा होता आणि त्याला मेंदूज्वर झाला होता. वॉर्डात खाटेजवळ एकाच माणसाला बसू द्यायचे, ती आई असायची. बाप बाहेर, बोळात. सात नंबरची खाट आमची. आठ नंबर खिडकीजवळची, तिच्यावरही नऊ वर्षांचाच मुलगा, तोच ताप, तीच औषधं, तेच डोस. आमच्या घरात त्या मुलाचा उल्लेख तेव्हाही आणि नंतरही 'खिडकीजवळचा' असाच झाला. त्याचा बाप पाट्या कोरायचा. दारावरच्या, दवाखान्याच्या, देणगीदारांच्या, आणि कोणी गेलं की स्मरणार्थच्या. "आपल्या धंद्यात दोनच शब्द," तो मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "कृतज्ञतापूर्वक नाहीतर स्मरणार्थ. बाकी सगळी नावं." मी त्याला मनात पाटीवाला म्हणायचो आणि तोंडाने अहो. अकरा दिवस आम्ही शेजारी शेजारी बसलो. जमिनीवर अकरा दिवस शेजारी बसल्यावर माणसाच्या गुडघ्यांचा आवाजसुद्धा ओळखू येतो. तो दिवसातून तीनदा डोळे मिटून ओठ हलवायचा, देखावा न करता, दाढ दुखणारा माणूस गालावर हात ठेवतो तितक्या साधेपणाने. मला त्याचा राग यायचा. माझ्याकडे सात पायऱ्यांची सिद्धता होती आणि बसायला तीच जमीन होती, आणि त्याच्याकडे करायला काहीतरी होतं.

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "तुमच्या मुलाचं पूर्ण नाव काय?"

"कशाला?"

"मागायला. माझ्या पोराचं रोज मागतोच आहे. जातोच आहे तर तुमचंही नेतो."

"मी मानत नाही," मी म्हणालो.

"तुम्हाला कुठे यायचंय? नाव द्या फक्त. आणि पूर्ण द्या. अर्धं नाव असलं की काम परत येतं."

आता, माझ्या मुलाचं नाव सांगायला काय हरकत होती? आठ वर्षांत या प्रश्नाला मी निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली आहेत आणि त्यांतली काही बरी वठली आहेत. एक असं की मुलाचं नाव, तो आत बेशुद्ध असताना, कुठल्या तरी अंधारात फिरवायला परक्याच्या हाती देणं मला सहन झालं नाही. हे उत्तर मला आवडतं. त्यात बाप दिसतो. दुसरं असं की मी तत्त्वाचा माणूस आहे. पण खरं कारण हे की त्याच सकाळी मी साहेबांना फोन करून रजा वाढवून मागितली होती आणि ते म्हणाले होते, "तुम्ही तिथे बसून काय करणार? तुम्ही डॉक्टर आहात का?" पाटीवाल्याने नाव विचारलं तेव्हा ते वाक्य माझ्या कानात अजून ओलं होतं, आणि मला विनोद सुचला. मी साहेबांचं नाव सांगितलं, आडनावासकट. त्याने ते दोनदा म्हणून घेतलं, जोडाक्षरं कुठली ती विचारून खात्री केली, आणि डोळे मिटले. साहेबांच्या दीर्घायुष्यासाठी एक अनोळखी माणूस जमिनीवर बसून ओठ हलवत होता. चार दिवसांत पहिल्यांदाच मला आतून हसू आलं. हा किस्सा खात्याच्या कॅन्टीनमध्ये किती चालेल, तो कुठल्या क्रमाने सांगायचा, शिपायाची नक्कल कुठे घालायची, हे मी तिथेच ठरवलं. पुढचे सात दिवस तो रोज तीनदा डोळे मिटत होता आणि मी शेजारी बसून किस्सा घासत होतो.

अकराव्या दिवशी दुपारी साडेतीनला माझ्या मुलाचा ताप उतरला. बायको दारात आली, म्हणाली, "पाणी मागतोय." मी उठलो, आणि तिच्या मागे, तिच्या खांद्यावरून, मला पाटीवाल्याची बायको दिसली. ती नुसती उभी होती. हातात वाटी होती, वाटीत चमचा होता. पाटीवाल्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "तुमचा कसा आहे?" मला वाटतं, त्याला काहीतरी बोलायचं होतं आणि अकरा दिवस आम्ही एकमेकांशी हेच वाक्य बोलत होतो, म्हणून तेच आलं. मी म्हणालो, "बरा." तो म्हणाला, "बरं झालं." आणि आत गेला. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं, कारण माझा चेहरा मला आवरत नव्हता, आणि तो रडत नव्हता. हे मी कुठे बोललेलो नाही. एका बापाचं पोर दहा हातांवर गेलेलं असताना दुसऱ्या बापाचा चेहरा बातम्यांच्या मागे हसतो. त्यात वाईट हेतू नसतो, चेहऱ्याला नुसती घाई असते. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आम्हाला घरी सोडलं तेव्हा मी टॅक्सी मागच्या दाराशी लावली. पुढच्या दाराशी उतरणारा जिना बोळातून जातो.

घरी आल्यावर आभार मानायची वेळ आली आणि पंचाईत झाली. बायकोने तिच्या पद्धतीने, डोळे मिटून, मानले आणि मोकळी झाली. मी म्हणालो, मानायचेच तर डॉक्टरांचे माना. डॉक्टर सरळ माणूस होता, तो म्हणाला, "मी दोघांना एकच दिलं. एकाला चाललं. का, ते मला विचारू नका." नर्स म्हणाली, डॉक्टरांचे माना. खात्यात आम्ही अर्ज लिहितो तेव्हा वर 'प्रति' असतं आणि त्याच्यापुढे कोणीतरी लागतं. माझ्या छातीत आठ वर्षं एक अर्ज लिहून तयार आहे, सही आहे, तारीख आहे, आणि 'प्रति'च्या पुढे कोणी नाही. असा अर्ज आंबतो. आधी ती कृतज्ञता असते, मग नुसतं ओझं होतं, आणि मग माणूस ते ओझं ज्याच्यामुळे आहे त्याच्याकडेच बघायला लागतो. मुलगा मोठा होत गेला. तो अभ्यासात मध्यम, खेळात मध्यम, उद्धटपणातसुद्धा मध्यम आहे. दुसऱ्याचा मुलगा असता तर मी म्हणालो असतो, छान मुलगा. पण मी त्याला टॉवेल पलंगावर टाकताना बघतो आणि माझ्या मनात येतं, याच्यासाठी? खिडकीजवळचा टॉवेल दोरीवर टाकत असता कदाचित. आणि तिकडे साहेबांचं मात्र उत्तम चाललं होतं. त्या अकरा दिवसांनंतर त्यांना सहा महिन्यांत बढती मिळाली, मग दुसरी मिळाली, चौकशीतून ते सुटले, त्यांच्या डोक्यावरचं छत पडलं तेव्हा ते बाथरूममध्ये होते, आणि गेल्या वर्षी तीन नळ्या तुंबलेल्या असताना टेबलावरून उठून चहा मागितला. मी मानत नाही. पण बढतीचं पत्र आलं की माझ्या डोळ्यांसमोर ते ओठ हलायचे. योगायोग, मी म्हणायचो. योगायोग हा फार सोयीचा शब्द आहे. आमच्या नकाशात जिथे काय आहे ते माहीत नसतं तिथे आम्ही तुटक रेघ काढतो, तसा. किस्सा अर्थात मी कॅन्टीनमध्ये कधीच सांगितला नाही.

मंगळवारी इस्पितळातून घरी आलो. जेवताना मुलगा कानात वायर घालून बसला होता. मी बघत होतो.

"काय झालं?" त्याने एक वायर काढली.

"कुठे काय."

"मग असं का बघताय? मी चोरी केल्यासारखं."

"बाप आहेत ते," बायको म्हणाली, "बघतील."

"आई, हे रोज बघतात. मीटर रीडिंग घेतल्यासारखं."

बायको हसली. मी विचारलं, तुला इस्पितळातलं काही आठवतं का, लहानपणचं. तो म्हणाला, खिडकीजवळच्या मुलाकडे एक गाडी होती, ती त्याने मला दिली होती, नंतर कोणीतरी काढून घेतली. आणि वायर पुन्हा कानात घातली. बायको भात वाढायची थांबली. मला वाटलं ती आता त्या मुलाबद्दल काही बोलेल, आणि मी पाण्याचा पेला उचलला, उगाचच. तिने भात वाढला. बुधवारी सकाळी उठलो तेव्हा मी ठरवलं होतं की जायचं आणि सांगून टाकायचं: नाव खोटं होतं, ते माझ्या साहेबांचं होतं, थट्टा होती. बिचारा आठ वर्षं एका सरकारी अधिकाऱ्याच्या प्राणांबद्दल आभार मानत बसला आहे. एवढं तरी त्याच्या डोक्यावरून उतरवावं. पाटी काढून टाकता येईल. साहेबांना सांगता येईल की दुकान बंद झालंय. मी खात्याच्या गाडीची चिठ्ठी घेतली, 'कामाचे स्वरूप' या रकान्यात 'स्थळपाहणी' लिहिलं आणि निघालो.

दुकान गल्लीच्या तोंडाशी, दोन माणसं उभी राहिली तर तिसऱ्याला आत पाहता येणार नाही एवढं. तो पाटावर बसून कोरत होता; डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात हातोडी, प्रत्येक ठोक्याला पितळाचा बारीक केस निघून मांडीवर पडत होता. त्याच्या डोक्यावरचे केस पिकले होते. त्याने वर पाहिलं, आणि ओळखायला त्याला क्षणभरही लागला नाही.

"सात नंबर," तो म्हणाला. "या, या. बसा." आणि मग त्याने माझ्या मुलाचं नाव घेतलं. खरं नाव. पूर्ण, माझ्या नावासकट, आडनावासकट. "कसा आहे?"

मी उभाच राहिलो. "तुम्हाला नाव माहीत आहे?"

"खाटेला कार्ड नव्हतं का? संध्याकाळी पाव तास आत सोडायचे. लिहिलेलं दिसलं की मी वाचतोच, सवयच आहे ती. कार्डावर तुमच्या आडनावातली वेलांटी चुकली होती. मी नर्सबाईंना सांगून नीट करून घेतली."

"पण मी तुम्हाला वेगळं नाव..."

"ते भाच्याचं ना?" त्याने शेजारची पिंपळपानाएवढी एक चुकलेली पाटी पालथी केली आणि तिच्यावर माझ्यासाठी चहाचा पेला ठेवला, चुकलेल्या पाट्या दुकानभर अशाच कामाला लागल्या होत्या. "आधी मला कळलंच नाही. कार्ड वाचलं तेव्हा म्हटलं, हे तर दुसरंच नाव आहे. मग लक्षात आलं, आडनाव वेगळं आहे, म्हणजे बहिणीचं पोर असणार. तेही आजारी असेल तेव्हा. बरोबर?"

मला बहीण नाही.

"मी हिला म्हटलं, बघ हा माणूस. स्वतःचं पोर आत पडलंय, मानत पण नाही म्हणतो, आणि मागायची वेळ आली तर बहिणीच्या पोराचं नाव देतो. स्वतःच्याचं एका शब्दाने बोलला नाही. अहो, मी इतकी वर्षं हात जोडतोय, मला असं कधी सुचलं नाही. मी आपला माझं, माझं, माझं." तो छिन्नी पुसत होता. "त्या दिवशी लाज वाटली मला. मग मी क्रम बदलला. आधी तुमचं पोर, मग भाचा, मग माझा. पाहुण्याला आधी वाढतो ना आपण, तसं."

मी चहा प्यायलो. चहा गरम होता आणि मी तो सरळ प्यायलो.

"तिघांचं मागितलं, दोघांचं ऐकलं. भाच्याचं वाईट काही कानावर आलं नाही, म्हणजे तोही वाचलाच," तो म्हणाला. "पाट्या दोन केल्या, दोन्ही बाकांवर लावल्या. तुमच्या मुलाची जिन्याजवळच्या बाकावर आहे. बघितली असेल तुम्ही."

"बघितली," मी म्हणालो. जिन्याजवळच्या बाकाकडे मी बघितलंच नव्हतं. सांगून टाकायची वेळ हीच होती. वाक्य तयार होतं, रात्री दहा वेळा म्हणून पाहिलेलं: ती थट्टा होती. पण ते वाक्य मी ज्या माणसासाठी बनवलं होतं त्याची फक्त एका नावापुरती फसगत झाली होती. समोरच्या माणसाने त्या थट्टेवरून चांगुलपणा शिकून आपलं पोर रांगेत दोन जागा मागे उभं केलं होतं. एक जागा माझ्या मुलाला, आणि एक जागा कॅन्टीनच्या किश्श्याला.

"ही बोलते माझ्याशी," तो म्हणाला, मी काही विचारलं नव्हतं. "बोलत नाही असं नाही. पण मधूनच, भाजी निवडताना वगैरे, विचारते. म्हणते, दारात गर्दी असली की बाप ढकलाढकली करतो. तू 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत उभा राहिलास. तिसरा नंबर का लावलास?" त्याने हातोडी खाली ठेवली. "तुम्ही शिकलेले आहात. मानत नाही, म्हणजे तुम्हाला कोणाची बाजू नाही. मला खरं सांगा. क्रमाने फरक पडतो का?"

याचं उत्तर मला माहीत होतं. जगात मोजकीच माणसं असतील ज्यांच्याकडे ते सव्वा पानात लिहून तयार होतं. नाही, क्रमाने काही फरक पडत नाही, कारण खिडकीच्या पलीकडे कोणी बसलेलंच नाही. तुम्ही पहिले असता तरी तेच, शेवटचे असता तरी तेच. तुमच्या मुलाला तुम्ही मागे लोटलं नाही, कारण पुढे काही नव्हतंच. त्याच्या बायकोच्या प्रश्नाला जगात एवढं एकच औषध होतं, आणि ते त्याला दिलं असतं तर त्याच्याकडे दिवसातून तीनदा करायला काय उरलं असतं? डोस तोच, एकाला चालेल, एकाला नाही. मी तोंड उघडलं आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा देवाबद्दल खात्रीने बोललो.

"नाही पडत," मी म्हणालो. "त्याला सगळं एकदम ऐकू येतं."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. पाटीवर खोडून काढता येत नाही, म्हणून कोरण्याआधी हे लोक अक्षराकडे बघतात तसं.

"मग माझ्या पोराचं ऐकूनही..." तो म्हणाला. हे आपल्या लक्षात कसं आलं नाही, असा त्याचा चेहरा झाला. बायकोने घातलेल्या प्रश्नाबरोबर तो आठ वर्षं जगला होता. मी सांत्वन म्हणून त्याला त्याहून मोठा देऊन बसलो होतो. समोरून भाजीची गाडी गेली, तिला वाट द्यायला कोणीतरी आपली सायकल दुकानाच्या पायरीला टेकवली, घंटी उगाच वाजली. त्याने हातोडी उचलली. "जाऊ दे," तो म्हणाला. "भाचा कसा आहे?"

"बरा आहे. बढती मिळाली."

"नोकरीला लागला? एवढ्यात?"

"लवकर लागला."

"चांगलं झालं," तो म्हणाला, आणि ते त्याला मनापासून चांगलं वाटलं, हे मला दिसलं. साहेबांना मी दुपारी सांगितलं की देणाऱ्याला आपलं नाव उघड करायचं नाही. ते त्यांना फार आवडलं. दर महिन्याला ते आता वॉर्डातल्या पाण्याची चौकशी स्वतः जाऊन करतात आणि बराच वेळ बसतात. पण ते दुपारचं. त्या वेळी, दुकानात, मी पेला ठेवला, उठलो, आणि दाराशी पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की त्याने पाट्या दोनच म्हटल्या होत्या.

"तुमच्या मुलाची पाटी?" मी विचारलं.

"त्याची राहिलीय." त्याने मांडीवरचं पितळ झटकलं. "घरचं काम. गिऱ्हाइकांचं उरकलं की करू, करू म्हणतो, आणि कोणीतरी येतंच. पत्रा कापून ठेवलाय."

मी तसाच दारात उभा होतो. सात नंबर, आठ नंबर, खिडकीजवळचा. त्याने माझ्या मुलाचं नाव वेलांटीसकट जपून ठेवलं होतं. माझ्या साहेबांचं, जोडाक्षरांसकट.

"त्याचं नाव काय होतं?" मी विचारलं.

हातोडी वर उचललेली होती, ती तशीच राहिली. "तुम्हाला माहीत नाही?" तो म्हणाला. आवाज चढला नाही, उतरला नाही. मग हातोडी खाली ठेवून त्याने नाव सांगितलं, पूर्ण, सावकाश, एकेक अक्षर सुटं, ऑर्डर घेणारा माणूस वाचून दाखवतो तसं.

अगदी साधं नाव होतं. आमच्या खात्यात त्या नावाचे चौघे आहेत. एक सध्या रजेवर आहे.